‘तुमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं तर

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या गेटवर ॲप आलंय, येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो, मोबाइल नंबर, आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, कामवाल्या मावशींची हजेरी, सगळं त्यात जातं. विचारणाऱ्यांनी मीटिंगमध्ये शंका काढली तर सेक्रेटरी म्हणाले, तुमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे? सगळे हसले, विषय संपला. आणि आता त्यांना स्वतःलाच वाटायला लागलंय की खरंच, आपण काय मंत्री आहोत का नट आहोत, आपल्यासारख्या साध्या माणसाला प्रायव्हसी हवीच कशाला.

मी नाशिकला 18 वर्षं वकिली करतेय. सुरुवातीला सगळ्या कौटुंबिक केसेस होत्या, पोटगी, घटस्फोट, वाटप, पण गेल्या आठ-दहा वर्षांत मोबाइलवरून फसवणूक, धमक्या, बदनामी असलं इतकं यायला लागलं की आता निम्मं काम तेच झालंय. तर अनुभवावरनं सांगते, माहिती नको त्या हातात गेली म्हणून माझ्या ऑफिसात येऊन रडलेल्या माणसांत एकही मंत्री नव्हता. एमआयडीसीत कामाला असलेला पोरगा, शिवणक्लास चालवणारी बाई, पेन्शनवर जगणारे काका, अशीच माणसं होती सगळी. मोठ्या माणसाची बदनामी झाली तर त्याच्याकडे वकील असतात, पैसा असतो, दुसऱ्या शहरात घर असतं, वर्षभरात लोक विसरतात आणि तो परत टीव्हीवर दिसतो. साध्या माणसाकडे एक नोकरी, एक भाड्याची खोली, एक मोबाइल नंबर आणि गावात कमावलेलं नाव एवढंच असतं, आणि त्यातलं एक जरी गेलं तरी बाकीचं त्याच्यामागे जातं.

आणि ‘लपवणं’ हा शब्दच मला चुकीचा वाटतो. आपण माहिती देतो तेव्हा समोर जो माणूस आज आहे त्याच्याकडे बघून देतो. पण ती वापरणारा माणूस उद्याचा असतो. नवरा तोच असतो पण भांडण झालेलं असतं, कंपनी तीच असते पण हप्ता थकलेला असतो, कमिटी बदललेली असते, झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा सोडून दुसरा आलेला असतो. माहिती तीच राहते, तिच्या भोवतीचं सगळं बदलतं. माझ्या टेबलावर आलेल्या जवळपास प्रत्येक केसमध्ये हेच झालेलं मी बघितलंय.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. पंचविशीतली बाई, लग्नाला चार वर्षं झालेली. सगळं बरं चाललं होतं तेव्हा नवऱ्यानंच नवीन फोन आणून दिला, त्यानंच ईमेल काढून दिला, पासवर्ड त्यानंच टाकला, तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, नवराच आहे की. पुढे मारहाण सुरू झाली, ती माहेरी गेली, तिथून एका मैत्रिणीकडे राहायला गेली, पत्ता कुणाला सांगितला नव्हता. तिसऱ्या दिवशी तो दारात हजर. दोन महिन्यांत तिनं तीन जागा बदलल्या आणि तिन्ही ठिकाणी तो पोचला. तिला वाटायला लागलं आपल्यातलंच कुणीतरी फुटलंय, तिनं सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं. शेवटी माझ्या ज्युनियरनं फोन उघडून बघितला तर त्या जुन्या ईमेलवर लोकेशन चालू, आणि व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये घरचा कॉम्प्युटर अजून जोडलेला. म्हणजे ती आम्हाला जे लिहीत होती ते पण तो वाचत होता, आम्ही कोर्टात काय मागणार आहोत हे त्याच्या वकिलाला आधीच ठाऊक असायचं. या बाईकडे लपवण्यासारखं काय होतं सांगा. काही नव्हतं. फक्त आज मी कुठे झोपतेय हे एका माणसाला कळू नये एवढंच तिला हवं होतं.

दुसरी केस 2021 ची. पगार अर्धा झालेला, बायकोची डिलिव्हरी तोंडावर, म्हणून एका मुलानं लोन ॲपवरनं सहा हजार घेतले, हातात आले चार हजारांच्या आसपास, आणि सात दिवसांत सगळे फेडायचे. ॲप टाकताना काँटॅक्ट, फोटो सगळ्याला ‘अलाऊ’ केलेलं, कोण वाचतं तेव्हा. आठव्या दिवशी फोन सुरू झाले. त्याला नाही, त्याच्या वहिनीला, सासऱ्यांना, सुपरवायझरला, शाळेतल्या सरांना. मग त्याच्या गॅलरीतल्या लग्नाच्या फोटोतला बायकोचा चेहरा घेऊन घाणेरडे फोटो बनवले आणि त्याच लोकांना पाठवले. बाळंतीण बाई, आठ दिवस तिनं कुणाला तोंड दाखवलं नाही. असल्या छळानं देशभर बऱ्याच जणांनी जीव दिला, तेव्हाच्या बातम्या आठवत असतील. 2 सप्टेंबर 2022 ला रिझर्व्ह बँकेनं डिजिटल कर्जाचे नियम काढले, त्यात लिहिलंय की कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधले काँटॅक्ट, कॉल लॉग, फाइल, फोटो यांना हात लावायचा नाही. 31 मे 2023 पासून गूगलनंही आपल्या प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲप्सना तेच बंद केलं. चांगलं झालं, पण माझ्या त्या पोराची केस या नियमांच्या आधीची, आणि बाहेरून लिंक पाठवून टाकायला लावलेली ॲप्स आजही सगळं मागतातच.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या जी लोकांच्या ध्यानातच येत नाही. कर्ज त्यानं घेतलं, परवानगी त्यानं दिली, पण वहिनींचा नंबर द्यायला वहिनींना कुणी विचारलं होतं? तुम्ही म्हणाल माझी माहिती, मी देईन नाहीतर ठेवीन, माझी मर्जी. पण तुमच्या फोनमध्ये फक्त तुमची माहिती नसते. केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक प्रचाराच्या कंपनीकडे एका प्रश्नमंजुषेच्या ॲपमधनं फेसबुकवरच्या लोकांची, त्यांच्या मित्रांचीसुद्धा, माहिती गेली होती. 2018 मध्ये ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा फेसबुकनं स्वतः आकडा दिला होता, भारतात ते ॲप टाकणारे लोक होते 335, आणि त्यांच्यामुळे ज्यांची माहिती गेली असू शकते असे लोक 5 लाख 62 हजार. परत वाचा हा आकडा. 335 जणांना वाटलं आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

आता तो नेहमीचा मुद्दा, की हे प्रायव्हसीचं फॅड बाहेरून आलंय, आपल्या वाड्यात, चाळीत कुठे होती प्रायव्हसी, एका घरात फोडणी पडली की चार घरांना कळायचं. मी पंचवटीतल्या वाड्यात वाढलेय, त्यामुळे याबद्दल थोडं बोलायचा हक्क आहे मला. सगळ्यांना सगळं माहीत असायचं हे खरं, पण ते दोन्हीकडून असायचं. समोरच्या काकूंना आमची भांडणं माहीत होती आणि आम्हाला त्यांची, त्यामुळे कुणी फार उड्या मारायचं नाही. आणि तिथल्या गोष्टी तिथे राहायच्या, चार वर्षांनी कुणी तारीख-वेळेसकट काढून दाखवू शकत नव्हतं. शिवाय माझ्या आजीची एक लोखंडी पेटी होती, किल्ली कायम कमरेला. आजोबांनीसुद्धा कधी ती उघडली नाही. त्यात पैसे होते, तिच्या आईची दोन पत्रं होती, आणि एका मुलीच्या शिक्षणाला लागले तेव्हा त्यातनंच निघाले. ज्या बाईच्या नावावर घर नव्हतं, जमीन नव्हती, तिचं जे काही स्वतःचं होतं ते त्या पेटीत होतं आणि कुणाला दिसत नव्हतं म्हणूनच तिचं राहिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण काही इंग्रजांनी दिली नाही आपल्याला.

कायद्यातसुद्धा हा विषय साध्या माणसापासूनच सुरू झालाय. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाचा माणूस होता, 1941 मध्ये दरोड्याच्या केसमध्ये धरला आणि पुराव्याअभावी सोडून दिला. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची फाइल उघडली आणि रात्री-बेरात्री येऊन दार वाजवायचे, झोपेतनं उठवायचे, घरात आहे का बघायला. तो सुप्रीम कोर्टात गेला. डिसेंबर 1962 मध्ये कोर्टानं त्या रात्रीच्या भेटी रद्द केल्या, पण प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं काही म्हटलं नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी वेगळं मत लिहिलं, की घटनेत शब्द नसला तरी माणसाच्या स्वातंत्र्यातच तो हक्क येतो. ते मत खरं ठरायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावं लागलं. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी आधारच्या विरोधात कोर्टात गेले होते, त्या केसमध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की प्रायव्हसी हा घटनेच्या कलम 21 मधला, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातलाच मूलभूत हक्क आहे. मध्ये 55 वर्षं गेली. मला त्या खरक सिंगचं फार वाटतं, कारण त्याचं म्हणणं काय होतं, तर रात्री मला झोपू द्या.

आधारचा विषय निघालाच आहे तर जरा सविस्तर सांगते कारण इथे साधी माणसं सगळ्यात जास्त अडकतात. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर खात्यातनं पैसे काढता येतात, गावात मायक्रो एटीएम, म्हणजे अंगठा लावायचं छोटं यंत्र, घेऊन जो माणूस येतो तो तेच करतो, त्याला ओटीपी लागत नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना बँकेपर्यंत जावं लागत नाही म्हणून सोय खरंच चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण अंगठा काही पासवर्ड नाही, तो बदलता येत नाही. तेलंगणात 2018 मध्ये एका सिमकार्ड विकणाऱ्यानं सरकारी वेबसाइटवरच्या खरेदीखतांवरनं लोकांचे अंगठे उतरवले, रबरी ठसे बनवले आणि त्यांच्या नावानं हजारो सिम चालू केली. त्याच पद्धतीनं पुढे बऱ्याच राज्यांत खात्यांतनं पैसे गेले. माझ्याकडे आलेल्या काकांच्या खात्यातनं चार दिवस रोज दहा हजार जात होते, एसएमएस बंद पडलेल्या जुन्या नंबरवर, कळलं महिन्यानं पासबुक भरायला गेल्यावर. रिझर्व्ह बँकेचा 6 जुलै 2017 चा नियम आहे की चूक आपली नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्यानंच केलं असेल, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवलं तर पैसे पूर्ण परत मिळायला हवेत. काकांना मेसेज पोचलाच नाही यावरनं दीड वर्ष भांडलो, मिळाले, पण त्यांची तब्येत तेवढ्यात खालावली ती खालावलीच.

त्यामुळे मी माझ्या प्रत्येक पक्षकाराला सांगते, यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटवर नाहीतर त्यांच्या मोबाइल ॲपवर जाऊन बायोमेट्रिक लॉक करून टाका, लागेल तेव्हा थोडा वेळ उघडता येतं, घरातल्या म्हाताऱ्यांचं आधी करा. हॉटेलात, भाड्याच्या खोलीला आधारची प्रत मागितली तर मास्क केलेली द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स द्यायचीच असेल तर त्यावर आडवी रेघ मारून कशासाठी दिली आणि तारीख लिहा, सही करा. आणि झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर फाइल पाठवली असेल तर समोर उभं राहून त्याच्या कॉम्प्युटरवरनं डिलीट करायला लावा, लाजू नका, हे मी कोर्टाजवळच्या दुकानात रोज करते आणि आता तो स्वतःच करतो. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, वर्षातनं एकदा बघा. पैसे गेले तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, पोलीस ठाण्यात जायची वाट बघू नका. दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर द्यायलाच हवा असं काही नाही, ग्राहक व्यवहार खात्यानं मे 2023 मध्येच सांगितलंय की नंबर दिल्याशिवाय बिल देणार नाही असं दुकानदार म्हणू शकत नाही.

आजाराबद्दल मला जास्त तळमळीनं बोलावंसं वाटतं. मार्च 2020 मध्ये होम क्वारंटाइनवाल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले ते आठवत असेल, साथीच्या काळात त्याला कारण तरी होतं. पण त्याचबरोबर पॉझिटिव्ह लोकांच्या याद्या नाव-पत्त्यासकट व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरल्या त्याला काय कारण होतं? माझ्या एका पक्षकाराच्या किराणा दुकानावर त्या यादीनंतर सहा महिने गिऱ्हाईक फिरकलं नाही, तो बरा होऊन कधीच घरी आला होता. रुग्णांची नावं जाहीर करा अशी याचिका त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात आली होती, कोर्टानं ती मान्य केली नाही. टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार, यात तर माणूस बाहेर कळेल या भीतीनं उपचारच घेत नाही, हे मी बघितलंय. म्हणूनच 2017 च्या एचआयव्ही कायद्यात आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्ततेचा हक्क स्पष्ट लिहिलाय. तिथे प्रायव्हसी म्हणजे सरळसरळ औषधाचा भाग आहे.

आणि लग्न. दोन सज्ञान माणसं, जात वेगळी किंवा धर्म वेगळा, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायला येतात. नोटीस द्यायची, ती 30 दिवस ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिकडच्या ऑफिसलाही प्रत जाते. म्हणजे ज्या गावातनं ती मुलगी जीव मुठीत धरून आली त्याच गावच्या बाजूला कागद जातो. त्या 30 दिवसांत काय काय होतं ते मी इथे लिहीत नाही, एवढंच सांगते की अशा जोडप्यांची केस घेतली की महिनाभर मला नीट झोप लागत नाही. अलाहाबाद हायकोर्टानं जानेवारी 2021 मध्ये म्हटलं की जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस जाहीर लावायची सक्ती नको. पण तो निकाल तिकडचा, आपल्याकडे तो आपोआप बंधनकारक होत नाही. हीच दोन माणसं धार्मिक पद्धतीनं, आपापल्या जातीत लग्न करत असती तर कुणी 30 दिवस कागद चिकटवला असता का?

एक गोष्ट मात्र दुसऱ्या बाजूनं पण सांगायला हवी. प्रायव्हसीच्या नावाखाली सत्तेतली माणसं स्वतःचा कारभार झाकतात, ते मला मान्य नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, माहिती नीट सांभाळली नाही तर कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड, हे चांगलं आहे, जरी बऱ्याचशा जबाबदाऱ्या लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत दिलीय. पण त्याच कायद्यानं माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(j) मध्ये बदल केला. आधी वैयक्तिक माहितीही सार्वजनिक हितासाठी देता येईल असं त्या कलमातच होतं, आता माहिती नाकारायला तिथे फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढं कारण पुरतं. कलम 8(2) मध्ये सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती द्यायची वाट अजून आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर जास्त अवलंबून. रेशनच्या यादीत कुणाची नावं घुसवली हे विचारणाऱ्या गावकऱ्याला हेच कारण तोंडावर फेकलं जाईल याची मला भीती आहे. साध्या माणसाचं घर झाकलेलं असावं आणि सरकारी टेबल उघडं असावं, इथे उलटं व्हायला लागलंय.

‘गूगलला, सरकारला सगळं माहीतच आहे, आता काय उरलंय’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच, की माहिती जुनी होते. फोन बदलतो, पत्ता बदलतो, पासवर्ड बदलता येतो. त्या माहेरी आलेल्या बाईचं आम्ही एका दुपारी सगळं बदललं, नवीन ईमेल, नवीन सिम, सगळ्या डिव्हाइसवरनं लॉगआउट, आणि त्यानंतर तो माणूस तिच्यापर्यंत पोचू शकला नाही. आज ती दुसऱ्या शहरात नोकरी करतेय.

आता तुमचं गेट. मी ॲपच्या विरोधात नाहीये, चोऱ्या होतात, वॉचमन एकटा असतो, हे मला कळतं. पण एक केस ऐका. भाड्यानं राहणारी नर्स, नाइट ड्यूटी, कधी भाऊ सोडायला यायचा कधी सहकारी. कमिटी बदलली, नव्या कमिटीतल्या एकाला ती फ्लॅटमध्ये नको होती. त्यानं ॲपमधनं आठ महिन्यांच्या नोंदी काढल्या, कुठल्या रात्री किती वाजता कोण आलं, आणि तो कागद घरमालकाला पाठवला. नोंद प्रत्येक खरी होती, त्यातनं उभी केलेली गोष्ट खोटी होती. तिला महिन्याभरात घर सोडावं लागलं. तुमच्या मावशींचंही तेच, किती घरी काम करतात, किती वाजता आल्या, कुणी किती स्टार दिले, सगळं दोनशे फ्लॅटना दिसतं, आणि त्यांना मात्र ती नोंद बघता येत नाही की चूक असली तर खोडता येत नाही.

म्हणून मीटिंगमध्ये ‘ॲप नको’ म्हणू नका, हराल. प्रश्न विचारा. नोंदी किती दिवस ठेवणार, 30 दिवसांनी पुसणार का. कोण बघू शकतं, सगळी कमिटी का फक्त एकजण, आणि बघितलं तर त्याची नोंद राहते का. कंपनी ही माहिती पुढे कुणाला देते, करारात काय लिहिलंय, करार सभासदांना दाखवणार का. ज्याला ॲप नकोय त्याच्यासाठी इंटरकॉम चालू ठेवणार का. मावशींचे स्टार बंद करणार का आणि त्यांचा फोटो घेताना त्यांना विचारलं होतं का. जे ठरेल ते ठरावात लिहून घ्या आणि इतिवृत्ताची प्रत मागून घ्या, कारण तोंडी कबूल केलेलं पुढची कमिटी मानत नाही, त्या नर्सच्या सोसायटीतही जुन्या सेक्रेटरींनी नोंदी महिन्याभरात पुसू असं तोंडीच सांगितलं होतं.